डायकास्ट विमानाला वापरलेलं रूप कसं द्यायचं: एका कॉर्सेअरच्या निमित्ताने

डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, रंगवूनच मिळणारं छोटं विमान, आणि त्याला वापरलेलं रूप देणं म्हणजे वेदरिंग. माझं वेदरिंग केलेलं पहिलं विमान भाचीने हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे जुनं झालंय की नुसतंच मळलंय?" दहा वर्षांची पोर, तिला काय कळतंय, म्हणून मी हसण्यावारी नेलं. रात्री कपाटात ठेवताना पुन्हा बघितलं तर पोरीचं बरोबर होतं. विमानभर मी काळं पाणी फासलं होतं. खालचा रंग मात्र जसाच्या तसा, कालच कारखान्यातून आल्यासारखा. चिखलात पडलेलं नवं खेळणं दिसावं तसं ते दिसत होतं.

जुनं होणं वेगळं आणि मळणं वेगळं. उन्हाने रंग विटायला महिने जातात. धूर, तेल, धुरळा हा कालच्या उड्डाणाचा असतो, उद्या कोणी फडकं मारलं तर निघूनही जातो. म्हणून आधी रंग विटवायचा, मग वापराचे टवके आणि ओघळ, आणि धुरळा सगळ्यात शेवटी. खालचा क्रम यावरूनच ठरला आहे.

विमान निवडा, पण त्याचं गाव आणि साल ठरवून

नुसतं "जुनं विमान" करायला बसलात तर हात कुठेही भरकटतो. मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो: १/७२ मापाचं एफ४यू कॉर्सेअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, काळ १९४३-४४, जागा पॅसिफिकमधली सॉलोमन बेटं. शिकायला याच्याइतकं चांगलं विमान नाही, कारण तिथे विमानाची दुर्दशा करणाऱ्या सगळ्या गोष्टी एकत्र होत्या. डोक्यावर विषुववृत्ताजवळचं ऊन, खारा वारा, रोजचा पाऊस आणि पायाखाली प्रवाळाचा चुरा दाबून केलेल्या पांढरट धावपट्ट्या. मुंडाची धावपट्टी अशीच होती. अमेरिकन नौदलाची व्हीएफ-१७ ही तुकडी नौदलाची असूनही जहाजावरून नाही, तर ओंडोंगाच्या अशाच धावपट्टीवरून लढत होती. विमानं उघड्यावर उभी असायची.

१९४३ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने विमानांना तीन रंग ठरवून दिले. वर गडद समुद्री निळा, बाजूला मध्यम निळा, पोटाला पांढरा. वरचा निळा उन्हात विटून करडा व्हायचा, खालच्या पांढऱ्यावर तेलाचा थेंब न् थेंब दिसायचा. वेदरिंग करणाऱ्याला आणखी काय हवं?

काम सुरू करण्याआधी त्या विमानाचे चार-पाच खरे फोटो छापून घ्या. अमेरिकन नौदलाच्या आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात ते भरपूर आहेत. छापील फोटोवर लाल पेनने गोल करा: इथे डाग का? इथे टवका का? कारण सापडलं नाही तर तो डाग आपल्या विमानावर करायचा नाही. दुसऱ्याच्या मॉडेलचे फोटो बघून काम करू नका. त्याची चूक तुमच्याकडे दुप्पट होऊन येते.

आपल्याकडे बहुतेकांना मिग-२१ करायचं असतं, आणि साहजिक आहे. यातली कित्येक विमानं नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिगने निरोप घेतला. पण रंग न दिलेलं, उघड्या धातूचं मिग-२१ पहिल्याच प्रयत्नात हातात घेऊ नका. तिथे विटवायला रंगच नाही. सगळा खेळ धातूच्या छटांचा आणि शेपटाकडच्या भाजलेल्या भागाचा आहे. प्रवासी विमानांचं उलटं. ती वेळच्या वेळी धुतली जातात, त्यामुळे सांध्यांत हलकी करडी रेघ आणि पोटाला थोडे ओघळ, बस्स.

आधी एक हिशेब

१/७२ म्हणजे तुमच्या विमानावरचा १ मिलिमीटर हा खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर, जवळजवळ सव्वासात सेंटिमीटर. ब्रशचं टोक सहज टेकवलं तरी एक मिलिमीटरचा ठिपका पडतो, आणि तो खऱ्या पंखावर तळहाताच्या रुंदीचा उघडा पत्रा झाला. नवशिक्यांची विमानं भंगारातली वाटतात ती यामुळे. कॉर्सेअरच्या पंखांचा विस्तार साडेबारा मीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे १७ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत काम आहे. जे दिसेल न दिसेल असं वाटतं तेच बहुधा योग्य मापाचं असतं.

डायकास्ट म्हणजे प्लॅस्टिकचं किट नव्हे

किट करणारा रंग स्वतः देतो, चुकला तर पुन्हा देतो. आपल्याला रंग तयार मिळालेला असतो आणि तो गेला तर गेला. विमानाचा मुख्य भाग जस्ताच्या मिश्रधातूचा, त्यात थोडं ॲल्युमिनियम. नाकावरचा पंखा (प्रोपेलर), चाकांचे पाय, काच आणि अँटेना प्लॅस्टिकचे. चिन्हं आणि आकडे स्टिकर नसतात. सिलिकॉनच्या मऊ पॅडने शाई उचलून ती थेट छापलेली असतात आणि रंगापेक्षाही नाजूक असतात.

हे मी अनुभवाने शिकलो. घाईत हाताला येईल ती बाटली उघडली आणि पंख पुसला. बाटली एनसी थिनरची, म्हणजे लॅकर पातळ करायच्या तीव्र द्रावणाची होती. अमेरिकेचा पांढरा तारा इअरबडवर आला आणि पंखावर निळी रबडी उरली. ते विमान अजून माझ्याकडे आहे. सगळे प्रयोग आता त्याच्यावर होतात.

एनसी थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर टेबलाच्या आसपाससुद्धा नकोत. आणि एक व्यवहाराची गोष्ट: वेदरिंग केलेल्या डायकास्टला संग्राहक सहसा पूर्ण किंमत देत नाहीत. महागाचं, मर्यादित संख्येत निघालेलं मॉडेल असेल तर त्याला हात लावू नका. सरावासाठी पंखा तुटलेलं, डबा हरवलेलं विमान घ्या. तेही नसेल तर घरातली जुनी धातूची खेळण्यातली गाडी चालेल, धातू आणि रंग दोन्ही त्याच जातीचे.

सामान

हजारो रुपयांच्या परदेशी बाटल्यांवाचून पहिलं विमान उत्तम होतं. स्टेशनरीच्या दुकानातून कॅमलच्या ऑइल कलरच्या चार ट्यूब आणा: बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर. तिथेच सॉफ्ट पेस्टल खडूंचा एक छोटा डबा. तेलकट पेस्टल नको, कोरडे हवेत. ऑइलपेंट पातळ करायला रंगाच्या दुकानात मिळतं ते मिनरल टर्पेंटाइन, छोटी बाटली. पाण्यात विरघळणारं सॅटिन (अर्धवट चमक असलेलं) आणि मॅट (चमक नसलेलं) ॲक्रिलिक वार्निश. शून्य नंबरचा बारीक ब्रश, एक पाव इंची चपटा ब्रश, चंदेरी रंगाची पेन्सिल, इअरबड, टूथपिक, मास्किंग टेप, आणि भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा.

खिडकी उघडी ठेवा. टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं, तेव्हा देवघरातली समई चालू असताना शेजारच्या टेबलावर हे काम नको.

पहिली पायरी: धुणं, झाकणं, चाचणी

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, त्यात इअरबड भिजवून विमान पुसून काढा, मग साध्या पाण्याने. बोटांचं तेल राहिलं तर तिथे पुढचा कुठलाच थर धरत नाही. विमान पाण्यात बुडवू नका, आत शिरलेलं पाणी आठवडाभर बाहेर येत राहतं. पंखा आणि चाकं ओढून निघत असतील तर काढून ठेवा. काच मास्किंग टेपने झाका. टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा थोडा मारून घ्या, नाहीतर काढताना ती छापलेल्या रेषाही उचलते.

मग पोटाखाली, स्टँडचं भोक असतं तिथे, टर्पेंटाइनचा एक थेंब ठेवून पाच मिनिटांनी पांढऱ्या इअरबडने पुसा. बडावर निळं आलं तर या विमानावर वार्निशचा थर दिल्याशिवाय एकही पाऊल पुढे टाकायचं नाही. खरं तर आलं नाही तरी द्याच.

किटवाले चकचकीत थर, मग वॉश (सांध्यांत सोडायचा अगदी पातळ रंग), मग मॅट थर असं करतात. डायकास्टवर कारखान्याचा रंग आधीच जाड असतो, म्हणून मी सॅटिनचा एकच पातळ थर देतो. त्यावर वॉशही वाहतो आणि विटवण्याचं कामही होतं. चपट्या ब्रशने, लांब आणि एकाच दिशेचे हात. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

पावसाळ्यात मात्र थांबा. जुलैत ठाण्यात मी एकदा मॅट स्प्रे मारला आणि हवेतल्या ओलीने गडद निळ्या विमानावर दुधाळ साय धरली. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर वार्निश ब्रशनेच द्यावं, तेही ऊन पडलेल्या दुपारी. किंवा तोवर फोटो बघत बसावं.

दुसरी पायरी: रंग विटवणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात, मीही गाळली होती.

ऑइल कलर थेट ट्यूबमधून वापरला तर त्यातलं जवसाचं तेल चमकतं आणि दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून पांढरा, ऑकर आणि थोडा काळा असे वाटाण्याएवढे गोळे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तासभर ठेवा. पुठ्ठा तेल पिऊन घेतो आणि वर मातकट, कोरडा रंग उरतो.

आता पंखाचा एकच भाग घ्या, दोन पॅनेल लाइनींच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांच्या मधला. टूथपिकने त्यावर पांढऱ्याचे चार-पाच, ऑकरचा एखादा असे टाचणीच्या डोक्याहून लहान ठिपके द्या. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि ठिपके पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेने, ओढत न्या. दर दोन ओढींनंतर ब्रश पुसायचा. ठिपके नाहीसे होतात आणि मागे एक विटकी छटा राहते. पहिल्यांदा वाटतं, काहीच झालं नाही. शेजारच्या न केलेल्या भागाशी ताडून बघा, फरक कळेल.

सगळीकडे सारखं विटवू नका. पंखाचा वरचा भाग आणि पाठ सर्वांत जास्त, बाजू कमी, पोट अजिबात नाही, तिथे ऊन पोचतच नाही. कॉर्सेअरमध्ये आणखी एक गंमत आहे. त्याच्या बाहेरच्या पंखांचा मुख्य कण्यामागचा भाग आणि शेपटीची हलणारी पानं पत्र्याची नव्हती, ताणून रंगवलेल्या कापडाची होती. कापडावरचा रंग वेगळ्या तऱ्हेने विटतो, म्हणून एवढ्या भागाला अर्धी छटा जास्त द्या. पंखावर आडवी सीमारेषा दिसू लागते आणि जाणकार तिथेच थांबून बघतो.

उलट, जो रंग नंतर लागला तो ताजा राहू द्या. १९४३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या चिन्हाला दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती लाल कड आली, काही महिन्यांतच त्या लालच्या जागी निळी कड ठरली. आघाडीवरच्या कितीतरी विमानांवर हे बदल जागच्या जागी ब्रशने झाले. विटक्या विमानावर चिन्हाभोवती गडद, ताज्या निळ्याचा ठिगळासारखा पट्टा दिसायचा तो असा. आपल्याला त्यासाठी काही करायचंच नाही, तेवढा भाग सोडून बाकीचा विटवायचा.

दोन-तीन दिवस हात लावू नका. खोक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर घरातली धूळ आपलं वेगळं वेदरिंग करते.

तिसरी पायरी: सांध्यांतला वॉश

बर्न्ट अंबरमध्ये किंचित काळा, आणि दहापट टर्पेंटाइन. चहाच्या पाण्याइतकं पातळ. बारीक ब्रशचं टोक पॅनेल लाइनला नुसतं टेकवा, द्रव आपोआप खोबणीतून पळतो. वीस-पंचवीस मिनिटांनी किंचित ओलसर इअरबडने हवेच्या दिशेने पुसा.

शुद्ध काळा वॉश टाळा. पांढऱ्या पोटावर काळ्या रेघा मारल्या की विमान वहीतल्या आकृतीसारखं दिसतं, तिथे करडा-तपकिरीच हवा. गडद निळ्या पाठीवर काळं दिसतच नाही, तिथे पांढरा आणि ऑकर मिसळून धुरळ्याच्या रंगाचा वॉश चालवा. सॉलोमनमध्ये सांध्यांत प्रवाळाची पूडच बसणार. डायकास्टच्या खोबणी मुळात मापापेक्षा रुंद असतात, म्हणून प्रत्येक रेघ भरायची नाही. इंजिनाचं आवरण, बंदुकांची झाकणं, चाकांची दारं, म्हणजे जी झाकणं रोज उघडली जातात ती भरा, बाकीच्यांना हलका हात.

चौथी पायरी: टवके

मोह होतो की सुरीने रंग खरवडावा, खाली खरा धातू आहेच. नको. खाली मिळतं ते जस्ताचं मळकट करडं, आणि जाड रंगाची कड भिंतीच्या पोपड्यासारखी उभी राहते.

चंदेरी पेन्सिलीला बारीक टोक करा आणि माणसांचा वावर जिथे होता तिथेच टेकवा: पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक आणि मेकॅनिक चढायचे, इंधनाच्या झाकणाभोवती, बंदुकांच्या झाकणांच्या कडांना, पंखांच्या पुढच्या धारेला. काही ठिकाणी चंदेरीऐवजी पिवळसर हिरवा ठिपका द्या, रंगाखालचा झिंक क्रोमेट प्रायमर तसा दिसायचा. स्पंजचा बारीक तुकडा रंगात टेकवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून धारेवर थोपटला तर विखुरलेले टवके मिळतात, पण आधी कागदावर सराव.

कापडाच्या भागावर चंदेरी टवका ही घोडचूक. तशीच गंजाची. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याला लोखंडासारखा तांबडा गंज धरत नाही. खाऱ्या हवेत त्यावर फार तर पांढरट भुकटी येते. तांबूस-तपकिरी छटा चालेल ती फक्त पोलादी एक्झॉस्ट नळ्यांवर.

पाचवी पायरी: धूर, तेल आणि त्या पांढऱ्या पट्ट्या

कॉर्सेअरमध्ये वैमानिकाच्या पुढ्यातच सुमारे ९०० लिटरची इंधनाची टाकी होती, आणि तिच्याभोवतीच्या पत्र्यांच्या सांध्यांतून गळती व्हायची. मेकॅनिक त्या सांध्यांवर टेप चिकटवायचे. जुन्या फोटोंत कॉकपिटच्या पुढे दिसतात त्या पांढरट पट्ट्या याच. मॉडेलवर खरी टेप लावू नका, ती गादीइतकी जाड दिसते. मळक्या पांढऱ्या ॲक्रिलिकने, एक मिलिमीटरहून बारीक आणि थोड्या वेड्यावाकड्या रंगवा. त्यांच्या कडेने तेलकट तपकिरीचे दोन-तीन ओघळ मागे जाऊ द्या. चमक हवी असेल तर या ओघळांना ऑइल कलर पुठ्ठ्यावर न सुकवता वापरा, इथे जवसाचं तेल उपयोगी पडतं.

अठरा सिलिंडरच्या इंजिनाच्या एक्झॉस्ट नळ्या आवरणामागे खालच्या अंगाला निघतात, म्हणून काजळी पोटाखाली, पंखाच्या मुळाजवळून मागे जाते. काळा पेस्टल काचकागदावर घासून पूड करा, मऊ ब्रशने नळीपाशी गडद आणि मागे विरत जाईल अशी फिरवा. मग त्याच्या मधोमध फिकट करड्या-पिवळट पुडीचा एक हलका हात. त्या काळच्या इंधनात शिसं असायचं आणि त्याची राख फिकट पडायची. काळ्यावरचा हा फिकट पट्टा नसेल तर धूर चुलीचा वाटतो.

दोन्ही पंखांत मिळून सहा बंदुका. नळ्यांची तोंडं धुळीपासून वाचवायला टेपने बंद करत, आणि पहिल्या गोळीसरशी ती फाटे. म्हणून ठरवा, तुमचं विमान उड्डाणाआधीचं की परत आलेलं? आधीचं असेल तर तोंडावर टेप रंगवा आणि काजळी नाही. परतलेलं असेल तर पंखाखाली, जिथून रिकामी काडतुसं पडतात तिथून मागे, हलकी काजळी. दोन्ही एकदम केलंत तर बघणारा पकडतो.

शेवटची पायरी: मॅट थर आणि धुरळा

आता मॅट वार्निशचा पातळ थर. टेपच्या पट्ट्यांजवळचे चमकते ओघळ त्यातून वगळा. लक्षात ठेवा, वार्निश पेस्टलची अर्धी पूड गिळतं. म्हणून काजळी आधी जराशी जास्त करायची, आणि धुरळा मात्र वार्निशनंतर, उघडाच ठेवायचा.

पांढऱ्या पेस्टलच्या पुडीत चिमूटभर ऑकर मिसळा, झाली प्रवाळाची पूड. टायरच्या खोबणीत, चाकांच्या पायांवर, पोटाच्या मागच्या भागावर चाकांनी उडवल्यासारखी, आणि पंखाच्या मुळाशी बुटांच्या जागी. टायरवर टर्पेंटाइनच्या एका थेंबाने ती पक्की करा. ओली असताना दिसणार नाही, घाबरून आणखी टाकू नका, वाळल्यावर वर येते. विमान स्टँडवर उडतं ठेवणार असाल आणि चाकं आत असतील तर टायरवर वेळ घालवू नका.

काचेची टेप काढा, पंखा बसवा. पुढे विमान नेहमी स्टँडला धरूनच उचला, पेस्टलवर बोटाचा ठसा उमटला की तो पुसला जात नाही. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला. घरची धूळ बसली तर फुंकर मारण्याचा रबरी फुगा वापरा, ब्रश नको, तो घरच्या धुळीबरोबर ओंडोंगाचीही घेऊन जाईल.